जुन्या गाडीचे ब्रेक कमी लागतात, तेव्हा नेमके काय वाढवायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची आहे, वजन हजार किलोच्या आसपास, पुढे साध्या भरीव डिस्क, मागे ड्रम आणि बूस्टर (पायाच्या जोराला मदत करणारा भाग) नाही. पेडल फार जोराने दाबावे लागते, लांब उतारावर काही वेळा ब्रेक मारल्यावर गाडी आवरेनाशी होते आणि अचानक ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढते. अशा गाडीला पुढे मोठ्या, भोकांच्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारे भाग) बसवावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘आत्ता तरी नको’ असे आहे, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींची मुळे वेगवेगळी आहेत आणि मोठी डिस्क त्यांपैकी फार तर दीड तक्रारीवर उपाय ठरेल.

‘ब्रेक कमी लागतात’ या एका वाक्यात तीन गोष्टी दडलेल्या असतात: पायाला लागणारा जोर, गाडी थांबायला लागणारे अंतर आणि ब्रेक तापल्यावरही त्याचा जोर टिकून राहणे. या तिन्हींची गल्लत केली की माणूस एका दुखण्यावर दुसऱ्याच औषधाचा खर्च करून बसतो. बूस्टर बसवल्याने पायाचा त्रास कमी होतो, पण गाडीला उष्णता सोसण्याची कणभरही जास्त ताकद मिळत नाही. जाड डिस्क उष्णता सोसते, पण थंड गाडीचे पेडल तिच्यामुळे फारसे हलके होत नाही. आणि थांबण्याचे अंतर, ब्रेक ठीक असतील तर, टायर ठरवतात.

म्हणून पहिली चाचणी अंतराची करा. कोरड्या, सपाट, पूर्ण मोकळ्या जागी, आसपास कोणी नाही याची खात्री करून, ताशी ४० किलोमीटरच्या वेगात ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कोणते चाक आधी जाम होते ते पाहायला सांगा. पुढची दोन्ही चाके घासत गेली, तर टायरला पेलेल त्याहून जास्त ब्रेक तुमच्याकडे थंड अवस्थेत आधीच आहे आणि मोठ्या डिस्कने ते अंतर एका फुटानेही कमी होणार नाही. ताशी ८० किलोमीटरवरून थांबताना टायरच्या पकडीचा गुणांक ०.८ असेल तर गाडी साधारण साडेएकतीस मीटरमध्ये थांबते. तोच गुणांक ०.६ वर आला की ४२ मीटर लागतात. हा साडेदहा मीटरचा फरक संपूर्णपणे रबर आणि रस्ता यांच्यातला आहे. जुन्या गाड्या कमी फिरतात, त्यामुळे त्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर कडक झालेले असते आणि मालक नक्षी पाहून समाधानी राहतो. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. ३५१७ म्हणजे २०१७ सालचा ३५ वा आठवडा. हा शिक्का दहा वर्षांपूर्वीचा असेल, तर ब्रेकला हात लावण्याआधी टायर बदला आणि मग पुन्हा हीच चाचणी करा.

या चाचणीत एकही चाक जाम होत नसेल, किंवा फक्त एकच होत असेल, किंवा मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत असतील, तर कुठेतरी बिघाड आहे. तुमची गाडी डावीकडे ओढते, म्हणजे बिघाड बहुधा उजवीकडे आहे, कारण गाडी ज्या बाजूचा ब्रेक चांगला लागतो त्या बाजूला ओढली जाते. त्यातही एक बारकावा लक्षात ठेवा. ब्रेक दाबताना गाडी डावीकडे जाते आणि पाय काढल्यावर काही क्षण उजवीकडे झुकते, असे होत असेल तर उजव्या पुढच्या चाकाचा होज पाइप (चाकापर्यंत ब्रेक ऑइल नेणारी लवचीक रबरी नळी) आतून बुजलेला आहे, असे मी न पाहता सांगू शकतो. बाहेरून हा पाइप अगदी ठणठणीत दिसतो. आतला रबरी थर मात्र फुगून किंवा सुटून वाट अडवतो. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल कसेबसे पलीकडे जाते, पण परतताना मागे ढकलणारा जोर नसल्याने अडकून राहते आणि तो ब्रेक उशिरा लागतो, उशिरा सुटतो. एकदा अशाच गाडीचा कॅलिपर मी दोनदा उघडला, पिस्टन स्वच्छ केला, सील बदलले आणि तक्रार जशीच्या तशी परत आली. शेवटी होज कापून पाहिला तर आतल्या वाटेतून टाचणीसुद्धा जाईना. तेव्हापासून जुन्या गाडीचे सगळे होज मी न तपासता बदलतो. स्टीलच्या जाळीचे होज घेतले तर पेडल थोडे घट्ट वाटते, पण त्यातली बरीचशी सुधारणा जुना फुगणारा पाइप गेल्याची असते. नव्या चांगल्या रबरी होजनेही जवळपास तेवढेच साधते.

होजनंतर कॅलिपर पाहा. चाक वर उचलून हाताने फिरवा. मोकळे फिरले पाहिजे, पॅड हलके घासल्याचा आवाज आला तरी चालेल. मग साहाय्यकाला पेडल दाबून सोडायला सांगा आणि लगेच पुन्हा फिरवा. पिस्टन गंजला असेल, तर चाक जड फिरेल. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन चांगला असूनही त्याच्या दोन पिना कोरड्या पडून अडकतात आणि मग आतला पॅड झिजून पत्र्यावर येतो, बाहेरचा जवळजवळ नवाच राहतो. दोन्ही पॅड शेजारी ठेवून जाडी पाहिली की हा दोष एका नजरेत कळतो. पिनांना सिलिकॉनचे किंवा ब्रेकसाठीच बनवलेले ग्रीस लावा. साधे ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांपैकी काहीही ब्रेकच्या रबराजवळ नेऊ नका. नेहमीच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेले रबर खनिज तेलाने फुगते आणि मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलचा दाब तयार करणाऱ्या सिलिंडरमध्ये, असे तेल गेले तर एकूणएक रबर बदलावे लागते.

आता मागच्या ड्रमकडे वळतो. तिथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण डिस्कच्या नादात ड्रमकडे कोणी पाहत नाही आणि जुन्या गाडीतला हरवलेला ब्रेक पुष्कळदा तिथेच सापडतो. ड्रम उघडताना आधी एक काळजी घ्या: जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून दाबणाऱ्या कमानदार पट्टीवरच्या, म्हणजे शूवरच्या, घर्षणाच्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून आतली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नका, तोंडाने फुंकू नका; मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. मग लायनरकडे तिरप्या उजेडात पाहा. सगळा पृष्ठभाग एकसारखा, किंचित मंद चमकणारा दिसायला हवा. पुष्कळदा दिसते ते असे: मध्यभागी दोन बोटे रुंदीचा काचेसारखा गुळगुळीत पट्टा आणि दोन्ही टोकांना फिक्या राखाडी रंगाचा कोरा भाग, ज्यावर कारखान्यातल्या घासणीचे ओरखडेसुद्धा तसेच असतात. अशा शूचा निम्म्याहून अधिक भाग ड्रमला कधी लागलेलाच नसतो.

याचे कारण लेथमध्ये आहे. ड्रमला आतून चर पडले की तो लेथवर टर्न करून, म्हणजे आतून कातून, घेतात आणि त्याची त्रिज्या वाढते. नवे शू मात्र मूळ मापाच्या गोलाईचे येतात. लहान गोलाईचा शू मोठ्या ड्रमला फक्त मध्यावर टेकतो, तेवढाच भाग सगळा भार घेतो, तापतो आणि काचेसारखा होतो. उपाय म्हणजे लायनर त्या ड्रमच्या मापाला गोलाईत घासून घेणे. पूर्वी हे काम लायनर बसवणारे कारागीर विचारल्याशिवायच करत. आता आवर्जून सांगावे लागते. जुळणी पाहायची असेल तर ड्रमच्या आत खडू फासा, शू हाताने दाबून थोडा फिरवा आणि लायनरवर खडू कुठे उमटतो ते पाहा. मध्यापासून दोन्ही टोकांच्या जवळपर्यंत उमटला, तर शू चांगला बसला. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो. त्यापलीकडे गेलेला ड्रम पातळ झालेला असतो, लवकर तापतो आणि दाबाखाली वाकतो, म्हणून तो टर्न करून वापरण्याचा मोह आवरा.

शू अदलाबदल होणे हाही नेहमीचा प्रकार आहे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने ज्या शूचे ढकलले जाणारे टोक आधी येते, तो शू घर्षणामुळे आपोआप ड्रममध्ये आणखी रुतत जातो आणि दुसरा उलट बाहेर ढकलला जातो. म्हणून काही गाड्यांत दोन्ही शूंच्या लायनरची लांबी किंवा जात वेगळी असते आणि लायनर शूवर किंचित पुढे-मागे चिकटवलेले असते. दोन शू सारखे दिसले नाहीत तर कोणता कुठे होता याचा फोटो काढल्याशिवाय स्प्रिंग सोडू नका. व्हील सिलिंडरची (शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरी टोपी उचलून पाहा. आत ओल असेल तर सिलिंडर गळू लागला आहे. लायनर तेलाने भिजले असेल, तर ते ब्रेक ऑइल आहे की ॲक्सलच्या सीलमधून आलेले गिअर ऑइल, ते आधी ओळखा. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुतले जाते. भिजलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून वापरण्याचे प्रकार मी पाहिले आहेत. ते तेल आत मुरलेले असते, गरम झाल्यावर पुन्हा वर येते. तेव्हा दोन्ही बाजूंचे लायनर एकत्रच बदला.

सगळे बसल्यावर ॲडजस्टमेंट करा, आणि हँडब्रेकची केबल पूर्ण ढिली करून मगच करा. चाक घट्ट होईपर्यंत ॲडजस्टर फिरवा, मग हलकी घासणी ऐकू येईल इतका सोडा, पेडल जोरात दाबून शू मध्यावर येऊ द्या आणि पुन्हा तपासा. केबल सर्वांत शेवटी. ज्यांनी आधी केबल ताणून हँडब्रेक ‘ठीक’ केलेला असतो, त्यांच्या गाडीचे शू विश्रांतीच्या जागेवर कधी परत येतच नाहीत. एवढ्या एका ॲडजस्टमेंटने पेडल दीड-दोन इंच वर आलेले मी अनेकदा पाहिले आहे आणि मालकाला ब्रेक नवे बसवल्यासारखे वाटले आहे.

आता उतारावरची तक्रार. ब्रेक मारणे म्हणजे वेगातली ऊर्जा उष्णतेत बदलणे, आणि ती ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हजार किलोची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे ९६ किलोज्यूल उष्णता निघते. १०० वरून थांबवताना ३८६. पुढच्या दोन डिस्क प्रत्येकी पाच किलोच्या धरल्या आणि ७० टक्के उष्णता त्यांच्यात गेली असे मानले, तर एका थांबण्यात त्या सुमारे ६० अंश सेल्सिअसने तापतात. ही काही भयंकर गोष्ट नाही. उताराचा हिशेब मात्र वेगळा आहे. ५०० मीटर उंचीवरून हीच गाडी खाली आणताना ४,९०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, म्हणजे ताशी १०० किलोमीटरवरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी, आणि मध्ये गार व्हायला सवड जवळजवळ नाही. यातला काही भाग हवेचा विरोध घेतो. मोठा वाटा इंजिनने घ्यायला हवा. ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरण्याची जुनी शिकवण बूस्टर नसलेल्या, भरीव डिस्कच्या गाडीसाठी आजही लागू आहे. ब्रेक सतत हलका दाबून ठेवण्यापेक्षा काही क्षण ठाम दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा, म्हणजे पॅड आणि डिस्क यांच्यात हवा फिरते.

उतारावर ब्रेक गेल्यासारखा वाटतो तेव्हा पेडल कसे लागते, ते आठवून पाहा, कारण निदान तिथेच आहे. पेडल नेहमीइतके उंच आणि दगडासारखे घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर तापून त्यांचे घर्षण कमी झाले आहे. पेडल मऊ होऊन खाली जाते, तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली आहे. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पायाचा सगळा प्रवास वाफ दाबण्यातच संपतो. ड्रमच्या बाबतीत तिसरी शक्यता असते: तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो, त्यामुळे पेडल खाली येते, पण दुसऱ्यांदा दाबल्यावर वर चढते.

ब्रेक ऑइल हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. नेहमीचे ग्लायकॉलचे ऑइल हवेतले पाणी शोषते आणि त्याबरोबर त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ३ प्रतीचे ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांना उकळते, ३.७ टक्के पाणी शोषल्यावर १४० अंशांना उकळले तरी ते मानकात बसते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे कित्येक वर्षे न बदललेल्या कोणत्याही ऑइलपेक्षा ताजे डॉट ४ चांगले. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. टाकीत वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे, कारण खराब झालेले ऑइल कॅलिपरच्या तळाशी बसलेले असते. डॉट ५ हे नाव ५.१ सारखे असले तरी ते सिलिकॉनचे वेगळे ऑइल आहे, ते इतर ऑइलमध्ये मिसळत नाही आणि त्याने पेडल थोडे मऊ लागते. रंग खराब करत नाही म्हणून प्रदर्शनातल्या गाड्यांचे मालक ते पसंत करतात. उतारावर धावणाऱ्या गाडीत मी ते घालत नाही.

ऑइल बदलताना जुन्या मास्टर सिलिंडरचा एक धोका माहीत असू द्या. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या काही भागातच फिरतो आणि तेवढाच भाग गुळगुळीत राहतो. पुढच्या भागात गंज किंवा गाळ साचतो. हवा काढताना साहाय्यक पेडल थेट जमिनीपर्यंत दाबतो, रबर त्या खरखरीत भागावर जाते, फाटते, आणि चांगला चाललेला मास्टर सिलिंडर त्याच संध्याकाळी गळू लागतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, एवढेच. पेडलचा दांडा आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन यांच्यात अगदी बारीक मोकळा प्ले आहे ना, तेही याच वेळी पाहा. तो नसेल तर टाकीकडे परतणारे छिद्र झाकलेले राहते, ऑइल तापून फुगते आणि गाडी जितकी चालेल तितके ब्रेक आपोआप धरत जातात.

पायाच्या जोराचा प्रश्न शुद्ध गणिताचा आहे. पायाने ३०० न्यूटन म्हणजे तीस किलोच्या आसपास जोर लावला आणि पेडलची तरफ पाचपट असेल, तर मास्टर सिलिंडरला १,५०० न्यूटन मिळतात. सिलिंडरचा व्यास २२.२ मिलिमीटर असेल तर त्यातून सुमारे ३९ बार दाब तयार होतो, १९.०५ मिलिमीटर असेल तर सुमारे ५३ बार. तोच पाय, तीच गाडी, दाब ३६ टक्क्यांनी जास्त. याची किंमत पेडलच्या प्रवासात मोजावी लागते, तो ३६ टक्क्यांनी वाढतो. म्हणून ड्रम नीट ॲडजस्ट केलेले नसतील, होज फुगत असतील, तर लहान मास्टर सिलिंडर लावल्यावर पेडल जमिनीला टेकेल. उलट चूकही होते. कोणीतरी पूर्वी ‘मोठा म्हणजे चांगला’ समजून दुसऱ्या गाडीचा जाड मास्टर सिलिंडर बसवलेला असतो आणि मालक पुढची दहा वर्षे पाय दुखवून घेत राहतो. तुमच्या सिलिंडरवर ओतीव अक्षरांत माप असेल. ते गाडीच्या मूळ पुस्तिकेशी ताडून पाहा.

बूस्टर इंजिनच्या इनटेकमधल्या निर्वात दाबावर चालतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या पडद्यावर ०.६ बारचा फरक मिळाला, तर सुमारे १,९०० न्यूटन मदत होते, म्हणजे वरच्या उदाहरणात पायाने तरफेतून दिलेल्यापेक्षाही जास्त. तुमच्या पायाच्या तक्रारीवर खरा उपाय हा आहे. तुमच्याच मॉडेलच्या नंतरच्या आवृत्तीत बूस्टर येत असेल, तर पेडल, कंस, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर असा पूर्ण जोड घ्या. सुटे तुकडे जमवून केलेल्या जोडणीत तरफेचे प्रमाण बिघडते आणि ब्रेक पायाच्या स्पर्शानेच झटका देऊन लागतो. बसवल्यावर तपासणी सोपी आहे: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा, पेडल पायाखाली किंचित खाली गेले, तर बूस्टर काम करतो आहे. इंजिन डिझेल असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागेल.

पॅड निवडताना पाकिटावरचे विशेषण वाचण्यापेक्षा पॅडच्या कडेवरची दोन अक्षरे वाचा. अमेरिकी पद्धतीच्या खुणेत पहिले अक्षर साधारण तापमानातले घर्षण सांगते, दुसरे गरम अवस्थेतले. ‘ई’ म्हणजे गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘ईई’ काढून ‘एफएफ’ बसवले तर पायाचा जोर बराच कमी होऊ शकतो आणि गाडीला भोकसुद्धा पाडावे लागत नाही. शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते गरम झाल्यावर चावतात आणि सकाळी पहिल्याच वळणावर, थंड असताना, मूळ पॅडपेक्षाही कमी लागतात. नवे पॅड बसवल्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने वेग उतरवा, प्रत्येक वेळी मध्ये थोडे अंतर गार होऊ द्या आणि गरम असताना गाडी उभी करून ब्रेक दाबून ठेवू नका. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान मापाच्या वर हवी. नवी डिस्क बसवण्याआधी हबची बैठक तारेच्या ब्रशने चकचकीत करा, कारण तिथल्या गंजाच्या एका कणानेही डिस्कची कड डोलते आणि पेडल थरथरते.

मोठ्या डिस्कचा विचार या सगळ्यानंतर. चार पिस्टनच्या कॅलिपरबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो. समोरासमोर पिस्टन असलेल्या कॅलिपरमध्ये दाबाचा हिशेब करताना एका बाजूचेच पिस्टन मोजायचे असतात. प्रत्येकी ३८ मिलिमीटरचे चार पिस्टन, म्हणजे एका बाजूचे दोन, यांचे क्षेत्रफळ २,२६८ चौरस मिलिमीटर भरते. ५४ मिलिमीटरच्या एकाच पिस्टनच्या सरकत्या कॅलिपरचे २,२९० भरते. जोर जवळपास तोच. चार पिस्टनने पॅडवर दाब सारखा पसरतो आणि कॅलिपर कमी वाकतो, हे फायदे खरे आहेत, पण ते दिसण्याइतके मोठे नाहीत. डिस्क २४० ऐवजी २६० मिलिमीटरची केली, तर पॅडची मध्यत्रिज्या सुमारे दहा मिलिमीटरने वाढते आणि ब्रेकचा जोर दहा टक्क्यांच्या आसपास. उष्णतेसाठी व्यासापेक्षा वजन आणि आतून हवा खेळणारी रचना महत्त्वाची आहे. भोकांच्या डिस्कमधून काढून टाकलेले लोखंड हे उष्णता साठवणारेच लोखंड असते, आणि भोकांच्या कडेपासून तडे जातात. उतारावरच्या गाडीला मी साधी, आतून हवेशीर डिस्क सुचवीन.

पुढे जोर वाढवला की मागचा तोल पाहावा लागतो. ताकदीने ब्रेक मारताना गाडीचे वजन पुढे झुकते. चाकांमधले अंतर २.४ मीटर, गुरुत्वमध्य ०.५५ मीटर उंचीवर आणि मंदन (वेग कमी होण्याचा दर) ०.८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट, असेल, तर एकूण वजनाच्या १८ टक्के भार मागून पुढे जातो आणि पुढची चाके ५५ ऐवजी ७३ टक्के वजन पेलतात. म्हणून मागे डिस्क बसवण्याचा हौशी प्रयोग धोक्याचा असतो: मागची चाके आधी जाम झाली की गाडी सरळ न थांबता स्वतःभोवती फिरते. पुढे जाम होऊन सरळ जाणारी गाडी वाईट, पण मागून फिरणारी त्याहून फार वाईट. मागचा जोर कमी करायचा असेल तर मागच्या लाइनवर दाब नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह किंवा लहान व्यासाचे व्हील सिलिंडर वापरतात. पुढे ड्रम असलेल्या गाडीत डिस्क बसवत असाल, तर जुन्या मास्टर सिलिंडरमधला लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह पुढच्या लाइनसाठी काढावाच लागतो, नाहीतर पॅड डिस्कला सतत चिकटून राहतात. शिवाय अशा बदलांना वाहन नोंदणीचे आणि विम्याचे नियम लागू होतात. ते आधी विचारून घ्या.

हे करताना कॅलिपर डावे-उजवे नीट ओळखा. हवा काढण्याचे निपल वरच्या टोकाला यायला हवे. एका सहकाऱ्याने दुपारभर हवा काढूनही पेडल मऊ का, म्हणून मला बोलावले, तेव्हा दोन्ही निपल खाली होते आणि हवेचा बुडबुडा वरच्या कोपऱ्यात निवांत बसला होता.

पैसे खर्च करायचेच असतील तर मी मोठ्या डिस्कच्या आधी ते दोन भागांच्या मास्टर सिलिंडरवर करीन, जर तुमच्या गाडीत एकाच सर्किटचा असेल तर. एकाच सर्किटमध्ये एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. दोन सर्किटमध्ये पेडल खूप खाली जाते, पण निदान दोन चाके तरी धरतात. गंजलेल्या लोखंडी नळ्याही त्याच वेळी तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या करून घ्या.

तुमच्या गाडीसाठी मी क्रम असा ठेवीन: टायरचा शिक्का पाहणे, सगळे होज, उजवा पुढचा कॅलिपर, मागचे शू गोलाईला जुळवणे, ताजे डॉट ४, ‘एफएफ’ पॅड आणि मग बूस्टर. एवढे झाल्यावर नेहमीचा उतार उतरा, खाली येताच सपाटीवर गाडी थांबवा आणि इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क-ड्रमचे तापमान नोंदवा. पुढच्या दोन डिस्कमध्ये पंचवीस-तीस अंशांहून अधिक फरक असेल तर अजून एक बाजू कमी काम करते आहे. मागचे ड्रम जेमतेम कोमट असतील, तर ॲडजस्टमेंट पुन्हा पाहा. आणि सगळे सारखे तापलेले असून, इंजिनचा गिअर वापरूनही, पुढच्या डिस्क ४०० अंशांच्या वर जात असतील, तर मोठ्या हवेशीर डिस्कसाठी मला पुन्हा विचारा. तेव्हा तुमच्या हबचे माप आणि रिमच्या आतला मोकळा व्यास दोन्ही मोजून ठेवा.